धारेपलीकडचा कागद

घडी

कुंडलचा जोतीराम इटलीहून परत आला तेव्हा त्याच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक, डाव्या खांद्यात राहिलेला लोखंडाचा तुकडा आणि एक नकाशा आला. ट्रंक त्याने घरी ठेवली. तुकडा कुठे ठेवण्यासारखा नव्हता. नकाशा बंडीच्या आतल्या खिशात घालून तो मेढ्याला जाणाऱ्या मोटारीत बसला.

नकाशा खरं तर सरकारचा. गस्तीवर निघताना तो जोतीरामच्या खिशात होता. खांद्याला लागल्यावर खिशासकट इस्पितळात गेला, जहाजात गेला, आणि मग तो कुणी मागितलाच नाही. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे भोकं पडली होती. एक कोपरा तांबूस काळा झाला होता.

मेढ्याहून वर पायरवाडीला पायवाट जाते. वाडी म्हणजे डोंगराच्या पोटाला चिकटलेली थोडी घरं, त्यात हरिबाचं एक. हरिबाचा मुलगा ज्ञानू जोतीरामच्या कंपनीत होता. गेल्या पावसाळ्यानंतर, तिकडच्या एका घळीत, तो दिसेनासा झाला. घरी सरकारी कागद आला होता: बेपत्ता. मेला असं त्यात लिहिलं नव्हतं. जिवंत आहे असंही नव्हतं.

हे साल पंचेचाळीस. उन्हाळा लागायचा होता.

जोतीराम अंगणात पोचला तेव्हा हरिबा पळसाची पानं एकावर एक रचत होता. वर दगड ठेवत होता.

"पत्रावळी लावताय व्हय, तात्या?" जोतीरामने विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"न्हाई," हरिबा म्हणाला. "माणूस करायचा हाय."


पानांचा माणूस

लांब मेलेल्या माणसाचं शरीर मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस बांधतात. त्याला अग्नी देतात, त्याचे दिवस घालतात. मग बायकोचं कुंकू पुसतात आणि बांगड्या फोडतात. हरिबाने अमावास्या धरली होती. भटजी मेढ्याहून वर यायला कबूल झाला होता. अडचण एकच होती.

"तू बघितलास का त्याला पडलेला?" हरिबाने विचारलं.

"न्हाई, तात्या."

"मंग कुणी बघितला?"

"कुणीच न्हाई."

"भटजी इचारतोय. भावकी इचारतीया. कुणीतरी डोळ्यांनी बघितलं म्हणाया पायजे. तू म्हणशील?"

जोतीरामने ट्रंक उचलावी तसा उजवा हात पुढे केला आणि मागे घेतला. बंडीत नकाशा टोचत होता.

दारात ज्ञानूची बायको शालूबाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात तांब्या. "मामंजी, त्यास्नी आदी पानी तरी पिऊ द्या," ती म्हणाली. तांब्या खाली ठेवला. मग उंबऱ्याच्या आतूनच तिने विचारलं, "भावजी, जागा कशी हाय ती?"

ते कसे पडले असं तिने विचारलं नाही. जागा कशी आहे, असं विचारलं.


तपकिरी

घोंगडी अंथरली. नकाशा उघडला. एका कोपऱ्यावर तांब्या, एकावर वरवंटा, एकावर जोतीरामचा बूट. चौथा कोपरा जोतीरामने गुडघ्याखाली धरला. हरिबा नकाशाकडे पाठ करून बसला आणि घायपाताचा दोर वळायला लागला.

"ह्ये काय सांडलंय?"

"माजंच हाय, वैनी. धुतलं तर रंग जाईल म्हणून न्हाई धुतलं."

"आनि डोंगूर?"

"ह्यो काय."

"ह्यो तर सपाट हाय."

पलटणीत शिकवलं होतं तसं जोतीरामने सांगून पाहिलं. समजा आंबा आडवा कापला, पुन्हा कापला, पुन्हा कापला, मग एकेका चकतीभोवती रेघ मारली. शालूबाईने मान हलवली, पण ती आंब्याचाच विचार करत होती. ती उठली, अंगणाच्या कडेला गेली. खाली उतारावर भाताची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत गेली होती, कोरडी, ढेकळांनी भरलेली. ती बराच वेळ खाली बघत राहिली. परत येऊन नकाशावर वाकली.

"ह्ये बांध हायत," ती म्हणाली.

"बांध?"

"खाचराचा बांध खाली-वर घातला तर पानी ऱ्हाईल का? बांध डोंगराच्या पोटाला धरून एका पातळीत जातो. ह्ये बांध हायत. ह्यो एक, त्याच्या वर ह्यो. जवळजवळ असले की चढण. लांबलांब असले की बसाया जागा."

"तेच तर सांगतोय मी."

"तुमी आंबा सांगत हुतासा."

जोतीराम हसला. "आमच्या कुंडलला बांध सरळ असत्यात. सगळा सपाट मुलूख. ऊस आनि पाट. डोंगूर बघायचा तर लांबनं."

"मंग तुमाला कळायला येळ लागला आसंल."

"लय."

तिने बोट न टेकवता कागदावरून फिरवलं. "एवढे बांध तिकडं घातले कुणी?"

"तिथं बांध न्हाईत. रेघाबी न्हाईत. सायेब लोकांनी दुर्बिणीनं बघून कागदावर काढल्यात."

"म्हंजे त्या डोंगराला म्हाईतच न्हाई?"

"न्हाई."

हे तिला इतकं आवडलं की तिने पदर तोंडाशी नेला. दोर वळणारे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा वळायला लागले.


जसं विचारलं तसं

तिकडं पाऊस कवा पडतो? ही हिरवी खूण कसल्या झाडाची? त्याला फळ येतं का, चीक येतो? हा काळा ठिपका घर आसंल तर त्यात कोण ऱ्हातं? घर हाय तर मग त्याला जायाची पांदी कुटं हाय? त्या लोकांची जनावरं कसली? आपलं बोलणं त्यास्नी कळतं का? आनि त्यांचं? धुकं कुटल्या अंगानं येतं? कागदावर धुकं का काढत न्हाईत? लढाई कुटल्या रंगात काढत्यात? तहान लागली तर? ते तिथं गेल्यावर काय म्हणाले?

शेवटच्याचं उत्तर जोतीरामला नीट आठवत होतं. "म्हणाला, आमच्याकडल्यागतच हाय की. फकस्त करवंदं न्हाईत."


निळी

नकाशाच्या मधोमध दोन निळ्या रेघा एकमेकींना भेटत होत्या. तिथपासून पुढे एकच रेघ, जरा जाड.

जोतीराम त्यावर बोट ठेवून बोलला. पहाटे गस्त घळीतून वर गेली. दोन्ही बाजूंनी उभे कडे. वर डोंगराच्या धारेवर दुश्मन, खाली लांब आपली लाईन. धुकं आलं. मग तोफगोळे आले. जोतीरामला तिथेच लागलं. सगळे पळाले.

"ह्या फाट्यापातुर ज्ञानू माज्या मागं हुता. त्याच्या बुटाचा एक खिळा वर आलता, दगडावर वाजायचा. फाट्यानंतर मला तो आवाज ऐकू आला न्हाई."

"आनि तुमी कसं गेलासा?"

"पाण्यासंगं. धुक्यात दुसरं काय दिसतंय? पाणी खाली जात हुतं, आपली लाईनबी खाली हुती. पाण्याचा आवाज धरला आनि सुटलो. सगळेच तसे आले. खाली पोचल्यावर बघतोय तर ज्ञानू न्हाई. दुसऱ्या दिशी गस्त गेली. वढ्याच्या पात्रात सगळीकडं शोधलं म्हणत्यात. मी तवा इस्पितळात हुतो. कायच मिळालं न्हाई."

शालूबाईचं बोट दोन निळ्या रेघा मिळतात तिथे थांबलं. ती काही बोलणार होती. तोंड उघडलंही होतं.

"बास झालं," हरिबा पाठमोराच म्हणाला. "घडी घाल त्याची."


कागदावर नसलेलं

संध्याकाळी भाकरी खाताना हरिबा बोलला. स्वतःहून. ज्ञानू त्याच्या स्वप्नात येतो. दारात उभा राहतो. ओला असतो. आत ये म्हटलं तर येत नाही, भाकरी दिली तर हात पुढे करत नाही. नुसता विचारतो, वाट कुठली?

"त्याला वाट मिळना झालीया," हरिबा म्हणाला. "मी काय त्याला मारायला निघालोय व्हय? मी त्याला सोडवायला निघालोय. शालूला वाटतं म्हातारा घाई करतोय."

"आनि तो जित्ता आसला तर?" जोतीरामने विचारलं.

"दिवस घातलेला माणूस परत आला तर पुन्हा बारसं करून घरात घेत्यात. मी घेईन. पाळण्यात निजवीन पायजे तर. पण आला पायजे का न्हाई? सा म्हैने झालं. तू बघितलं म्हण. एवढंच मागतोय तुज्याकडं."

जोतीरामने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच ठेवला. तो कुणाला फसवायला आला नव्हता. पण समोरचा म्हातारा रोज रात्री दारात उभ्या असलेल्या मुलाला वाट सांगू शकत नव्हता, आणि वाट सांगण्यासाठी त्याला फक्त एक वाक्य हवं होतं.

"येतो अमावास्येला," तो म्हणाला. "सांगतो भटजीला."

आत चुलीशी शालूबाई होती. तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं. 


निळी, पुन्हा

सकाळी निघताना शालूबाई दारात आली. "कागूद अमावास्येपातुर ठिवा हितं," एवढंच म्हणाली. जोतीरामने ठेवला.

वाडीच्या खालच्या डोंगरसोंडेवरून त्याला मेढ्याच्या मोटाररस्त्याची पांढरी पट्टी दिसली. पायवाट तिच्याकडे जायला लांबचा वळसा घेत होती. पण सोंडेच्या पोटातून ओढा निघाला होता आणि तो सरळ खाली, त्या पट्टीच्या दिशेनेच जात होता. उन्हाळ्याच्या तोंडाला ओढ्यात पाणी नावापुरतं. दगडांवरून चालायला सोपं. जोतीराम ओढ्यात उतरला.

ओढा अरुंद झाला. दोन्हीकडून कातळ वर चढला. एका गुळगुळीत धोंडीवरून तो बसून घसरला, खाली डोहाच्या कडेने गेला, आणखी एक वळण घेतलं. तिथे ओढा संपला. पाण्याची बारीक धार कातळाच्या ओठावरून निघत होती आणि खाली पडताना वाऱ्याने फुटत होती. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. मेढ्याची पट्टी अजूनही तिथेच, समोर, अगदी जवळ दिसत होती.

तो मागे फिरला. ज्या धोंडीवरून घसरला होता तिच्यावर चढायला दोन हात हवे होते. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्याने तीनदा प्रयत्न केला, मग डोहाच्या कडेला बसून विडी ओढली, मग हाका मारायला लागला.

वर भाताची जमीन भाजायच्या राबासाठी फांद्या तोडणारा कोयता थांबला.

"कोण हाय रं तिकडं?"

"मी हाय. जोतीराम."

"तू तर मोटारीला गेलतास न्हवं?"

"ह्या वाटंनं जवळ वाटलं."

"ही वाट हाय व्हय?" हरिबाचं डोकं कातळाच्या वर दिसलं. "कुंडलकर, पाणी काय, ते कड्यावरनंबी उडी मारतं. तुला पंख फुटल्यात का?"

"दोर हाय का, तात्या?"

"हाय की. आदी मला हसू दे."

तो खरंच हसला. मग त्याने कमरेचा घायपाताचा दोर सोडला, एका खोडाला वेढा दिला आणि खाली टाकला. जोतीरामने तो काखेतून बांधला. वर येईपर्यंत हरिबा ओढत होता आणि बोलत होता.

"रांगतं पोर जात न्हाई आमच्यात पाण्यामागं. आनि तू लढाई करून आलास... पाय लाव, पाय लाव... वाट चुकली, धुकं आलं, तर पयलं काय करायचं? पाणी सोडायचं. तोंड वर करायचं आनि धार गाठायची. धारेवर गेलं की दोन्ही अंगं दिसत्यात. ह्ये का शिकवाया लागतं? आमचा ज्ञान्या एवढासा हुता, म्हसरं घिऊन धुक्यात गावला, तर एकलाच धार धरून—"

दोर तसाच ताणलेला राहिला. जोतीराम धोंडीच्या कडेला छाती टेकून लोंबकळत होता.

"तात्या," तो हळूच म्हणाला.

"बोलू नगंस."

हरिबाने त्याला वर घेतलं. दोर सोडला. तो गुंडाळायचं विसरून तसाच फरफटत वाडीकडे चालायला लागला.


दाणे

अंगणात घोंगडीवर नकाशा उघडाच होता. शालूबाई त्याच्यापाशी बसली होती. दोन निळ्या रेघा मिळतात तिथून जोंधळ्याच्या दाण्यांची एक ओळ निघाली होती. ती पाण्याबरोबर खाली गेली नव्हती. पाण्याकडे पाठ करून, दाट रेघांच्या मधून, जिथे रेघा जरा विरळ होऊन बाहेर आल्या होत्या तिथून वर वर गेली होती. नकाशाच्या काठापर्यंत. शेवटचा दाणा कागदावर नव्हता. तो घोंगडीवर होता.

हरिबा उभा राहून बघत होता. मग उकिडवा बसला. पहिल्यांदाच.

"ही काय हाय? सोंड?"

"सोंडच हाय, मामंजी. बघा की, बांध भायेर आल्यात."

"काल का बोलली न्हाईस?"

"तुमी घडी घाल म्हणालासा."

हरिबाने ओळीवरून नजर वर नेली, खाली आणली. "फाट्यापास्नं वर. धारंला." मग जोतीरामकडे वळला. "धारंवर कोण हुतं म्हणालास?"

"दुश्मन."

"म्हंजे त्यो दुश्मनाकडं गेला?"

"दुश्मनाकडं न्हाई गेले," शालूबाई म्हणाली. "धारंकडं गेले."

 जोतीराम त्या दाण्यांकडे बघत राहिला. सपाट मुलखातले सगळे पाण्यामागे गेले आणि वाचले. डोंगरातला एकच माणूस, त्याला लहानपणापासून जे बरोबर म्हणून माहीत होतं तेच करायला गेला. आणि शोधायला गेलेल्यांनी त्याला शोधलं कुठे, तर पाण्यात.

"आमी खालीच शोधत बसलो," तो म्हणाला. "वर कुणी गेलंच न्हाई. वर जाताच येत न्हवतं म्हणा. अजून तो डोंगूर त्यांच्याकडंच हाय."

"ह्या धारंच्या पल्याड काय हाय?" हरिबाने विचारलं.

"पुढच्या कागदावर."

"त्यो कुटं हाय?"

"माज्याकडं न्हाई. आमाला ह्यो एकच दिलता. पुढचा ज्याला पुढं जायचं त्याला." जोतीराम विचार करत होता. "बेळगावच्या सेंटरात आसंल. मला बोर्डासाठी जायचंच हाय तिकडं, खांदा दाखवायला. पण तो मला कोण देणार?"

हरिबाने घोंगडीवरचा दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि होता तिथेच परत ठेवला.

"अमावास्या जवळ आलीया," तो म्हणाला. "तवर आणलास तर बघू. न्हाई तर मी पानं बांधणार. मला त्या पोराला रोज दारात बघवत न्हाई."

"आणला तर मी भटजीला काय सांगू?"

"आणला तर मंग बघू म्हणालो न्हवं?"


शिसपेन्सिल

बेळगावच्या सेंटरात नकाशांच्या खोलीत एक हवालदार होता. नकाशा बाहेर देता येत नाही, तो म्हणाला. जोतीराम म्हणाला, बघू तरी द्या. कशाला? जोतीरामने सांगितलं. हवालदाराने ऐकून घेतलं, कपाटातून एक गुंडाळी काढून टेबलावर पसरली, तिच्यावर एक अर्धपारदर्शक कागद ठेवला, शेजारी पेन्सिल ठेवली. "मी चहा पिऊन येतो," तो म्हणाला.

चहा किती मोठा, ते त्याने सांगितलं नाही.

जोतीरामने पूर्ण कागदाकडे बघितलंही नाही. पहिल्या नकाशाला जुळणारा डावा काठ धरला. तपकिरी रेघा आधी, कारण त्या नसतील तर बाकीचं कुठे उभं राहणार? एक, तिच्या बाजूची, तिच्या बाजूची. मग रेघा इतक्या जवळ आल्या की पेन्सिलीचं टोक मध्ये जाईना. तिथे त्याने नुसतं काळं केलं. झाडं सोडली. नावं सोडली, तशीही ती वाचता येत नव्हती. आकडे सोडले. एक तुटक रेघ होती, पायवाट असणार, ती घेतली. तिच्या टोकाला काळा चौकोन, तोही. आणखी एक बारीक निळं काहीतरी होतं, झरा किंवा विहीर, ते घ्यायला गेला तेवढ्यात दारात बुटांचा आवाज आला.

सगळं एकाच रंगात आलं. पाणी, डोंगर, घर, वाट, सगळं शिसपेन्सिलीचं.


जोड

अमावास्येच्या दिवशी दुपारी तो पायरवाडीत पोचला. ओसरीवर पानांच्या माणसाचे पाय बांधून झाले होते. धड व्हायचं होतं. सुतळी बाजूला पडली होती आणि हरिबा हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बसला होता.

"आणलंस?" एवढंच त्याने विचारलं.

शालूबाईने नकाशा आणला. घोंगडी, तांब्या, वरवंटा. जोतीरामने पातळ कागद नकाशाच्या काठाला लावला. रेघा जुळेनात. वर सरकवला, खाली सरकवला.

"जरा माज्याकडं घ्या," शालूबाई म्हणाली. तिने कागद दोन बोटांनी ओढला, आणि तपकिरी रेघ पेन्सिलीच्या रेघेत गेली, तिच्या शेजारची तिच्या शेजारचीत. बांधाला बांध लागले.

धारेच्या पल्याड जोतीरामने नुसतं काळं केलं होतं.

हरिबाला ते समजावून सांगावं लागलं नाही. "कडा," तो म्हणाला.

"व्हय, तात्या."

"धारंला लागून कडा. सरळ खाली."

"व्हय."

हरिबा मागे टेकला. ओसरीवरच्या पानांच्या पायांकडे बघितलं. शालूबाईने नाही बघितलं. तिचं बोट काळ्या पट्ट्याच्या कडेकडेने चाललं होतं, धारेवरून, सावकाश.

"कडा बघून कोण उतरतंय?" ती म्हणाली, कागदाशीच बोलावं तशी. "आडवे गेले आसतील. हितनं. बघा, हितं बांध लांब व्हायला लागले."

"तिकडं कशाला जाईल?" हरिबा पुढे वाकला. "ही बघ की, उजव्या अंगाला खिंड हाय. ही खाच. खिंडीनं उतरंल. कवाबी खिंडच बघायची."

"डाव्या अंगानं उतरणी सोपी हाय."

"सोपी आसंल, पण लांब. त्यो लांबनं जाणारा न्हाई. मला इचार. मी त्याला चालायला शिकवला."

"मामंजी, ते उजव्या अंगाला उतरणार न्हाईत."

"तुला काय म्हाईत? तू वाईकडली, नदीकाठची. तुमच्यात डोंगूर म्हंजे गणपतीला मखर करत्यात तेवढा."

"त्यांच्यासंगं लाकडं आणाया मीच जात हुते. तुमी न्हाई." शालूबाईने पदर नीट केला. "उजवा हात डोंगराला आसंल तर उतरत्यात. खिंडीच्या वाटंनं डोंगूर डाव्या हाताला ऱ्हातो. उजवीकडं उतार आला की उजव्या पायावर जोर येतो. त्यांचा उजवा गुडगा दुकतो."

"ज्ञान्याचा?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"पलटणीत जायच्या आदीपास्नं. झाडावरनं पडले हुते. तुमाला सांगू नगं म्हणाले. कळलं तर भरतीत घेणार न्हाईत."

हरिबा जोतीरामकडे वळला. "तुला म्हाईत हुतं?"

जोतीरामने आठवून पाहिलं. चढताना ज्ञानू कुणाच्याही पुढे. उतरताना नेहमी मागे, बुटाचा खिळा वाजवत. त्याला वाटायचं, हा गडी दमतो. "चढाला लय झपझप. उतरताना मागं पडायचा," तो म्हणाला.

"मला कुणी सांगितलंच न्हाई," हरिबा म्हणाला. रागावलेला होता. सहा महिन्यांपासून दारात उभ्या असलेल्या मुलावर कुणी रागावावं तितका साधा राग. "घरात ऱ्हाऊन बापाला सांगत न्हाई, गुडगा दुकतोय म्हणून. मी काय खाल्ला आसता व्हय त्याला?" त्याचं बोट खिंडीवरून उठलं. मधल्या काळ्या पट्ट्यावरून गेलं आणि डाव्या अंगाला टेकलं. "मंग डावीकडनं. ही उतरणी. हितनं हितं. आनि ही तुटकी रेघ काय हाय?"

"पायवाट."

"आनि ह्यो काळा?"

"घर. मला वाटतं घर."

"वाटतं म्हंजे? घर हाय का पेन्सिलीचा डाग हाय?"

"तात्या, हवालदाराचा च्या संपत आलता."

"घर आसंल तर कुत्रं भुकंल," हरिबा म्हणाला. "कुत्रं भुकलं तर माणूस भायेर येईल. आलेला माणूस कसला आसंल, ते न्हाई सांगता येत."

"पाणी आसंल तिथं," शालूबाई म्हणाली. "पाण्याबिगर घर कोण बांधतंय?"

"निळं काहीतरी हुतं शेजारी," जोतीराम म्हणाला. "ते ऱ्हायलं काढायचं."

दोघांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली.

बांधावरून शेजारच्या धोंडुबाईची हाक आली. "आवं हरिबा, भटजी आल्यात. वढ्यापाशी पाय धुत्यात. समदं तयार हाय का इचारत्यात."

हरिबाने डोकं वर केलं नाही. "त्यास्नी च्या दे," तो म्हणाला.

"आनि?"

"आनि काय? दमून आल्यात, बसू दे जरा. मंग सांग, आज न्हाई."

"मंग कवा?"

"मला म्हाईत आसतं तर सांगितलं न्हसतं का?"

शालूबाईचा हात कागदाच्या काठावर होता. तो तिने तिथेच ठेवला. वारा सुटला होता आणि पातळ कागद उचलत होता. हात काढला असता तर जोड सुटला असता.

"जोतीराम," हरिबा म्हणाला, "तुज्या सुभेदाराला लिवायचं. आत्ताच बस लिवाया. म्हणावं, पाण्यात शोधू नगा. धारंवर जा. तुमी पुढं सरकला की पयलं हितं बघा, डाव्या अंगाला, घरापाशी. घर नसंल तर डागापाशी. माणसास्नी इचारा. आमचा माणूस आला हुता का. आला आसंल तर कुटल्या अंगानं गेला."

"लिवतो."

"आनि गुडग्याचंबी लिव."

"तात्या, गुडग्याचं कळलं तर उद्या पेन्शनीला—"

"लिवा," शालूबाई म्हणाली.

जोतीरामने पेन्सिल काढली, जिभेला लावली. कागद गुडघ्यावर घेतला. मग थांबला आणि विचारलं, "कुटला म्हणालात?"

"उजवा," हरिबा म्हणाला. आधीपासून माहीत असल्यासारखा.